आयव्हीएफनंतरचं बाळ, लसीचं दुखणं आणि माझी न जाणारी धास्ती

सावनी_क

नमस्कार. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी आयव्हीएफने, म्हणजे टेस्टट्यूब पद्धतीने, मुलगी झाली. पूर्ण दिवसांची, वजन चांगलं, अंगावर नीट पिते. शुक्रवारी तिची दहा आठवड्यांची लस आहे आणि माझी झोप आत्तापासूनच उडालीय. सहा आठवड्यांच्या वेळी सुई लागल्याबरोबर तिचा चेहरा लालबुंद झाला, तोंड उघडं, आणि क्षणभर आवाजच फुटेना. मग जो टाहो फोडला तो घरी येईपर्यंत. खासगी दवाखान्यात मिळते ती 'पेनलेस' लस घेतली होती, पैसे भरपूर मोजले होते, तरीही.

मी स्वतः उपचारात किती टोचून घेतलंय. नवरा फिरतीवर असला की पोटाची चिमूट धरून स्वतःच सुई मारायचे. प्रोजेस्टेरॉनच्या तेलकट इंजेक्शनांनी कमरेखाली गाठी झाल्या होत्या, रिक्षात बसताना एका बाजूला कलून बसायचे. तेव्हा हूं की चूं केलं नाही. आणि आता तिच्या त्या एवढ्याशा मांडीतली सुई आठवली तरी हातपाय गार पडतात.

गोष्ट लसीपुरती राहिलेली नाही. रात्री तिच्या नाकाशी बोट धरून बसते. अंघोळीला गेले की नळाच्या आवाजात तिचं रडणं ऐकू येतं. नळ बंद करते तर घर शांत असतं, ती झोपलेली असते. कुणी शिंकलं तरी मी तिला उचलून आतल्या खोलीत जाते. संध्याकाळी सात-साडेसातला ती रडायला लागली की मला वाटतं हिला नक्की काहीतरी दुखतंय आणि मला कळत नाहीये. शेजारच्या काकू म्हणाल्या, 'टेस्टट्यूबची मुलं नाजूकच असतात.' ते डोक्यातून जात नाही.

घरी बोलायची सोय नाही. सासूबाई प्रेमळ आहेत, पण म्हणतात, 'इतक्या नवसासायासांनी झालीय, आता रडायचं नाही.' मग मी गप्प बसते.

लसीचं दुखणं कमी करता येतं का? आणि माझं हे जे चाललंय ते सगळ्यांचंच होतं का?

रुईचं_पान

सावनी, आधी एक घट्ट मिठी. तुझं पोट-कमरेचं वर्णन वाचून माझ्या कमरेला कळ आली बघ.

माझी जुळी आयव्हीएफची, आणि अपुऱ्या दिवसांची. एनआयसीयूमध्ये, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, रोज टाचेतून रक्त घ्यायचे. सुरुवातीला मी बाहेर पळायचे. तिथल्या एका सिस्टरने मला हाताला धरून आत आणलं आणि दाखवलं: एक तळहात बाळाच्या डोक्यावर टोपीसारखा, दुसऱ्या हाताने दोन्ही पाय दुमडून पोटाशी धरायचे. थोपटायचं नाही, चोळायचं नाही, नुसतं स्थिर धरून ठेवायचं. आधी बाळ ताणून कमान करायचं, बोटं फाकायची. हात ठेवल्यावर ती बोटं हळूहळू मिटायची. मी ते बघत राहायचे. त्या दिवसांत आई म्हणून मला करण्यासारखं तेवढंच होतं, आणि ते खरोखर उपयोगी पडत होतं.

पुढे कांगारू केअर (बाळाला आपल्या उघड्या छातीशी धरून ठेवायचं) सुरू झाल्यावर टाचेची सुई मुलगा छातीवर असतानाच करायला लागले. फरक मला डोळ्यांनी दिसायचा. मुलगी मात्र तरीही रडायचीच. दोन मुलं, एकाच पोटातली, दोघांची तऱ्हा वेगळी.

तेव्हा शुक्रवारी बाहेर थांबू नकोस. तूच धर तिला.

नागपूरची_सिस्टर

मी लसीकरणाच्या खोलीतच काम करते, म्हणून कामाचं तेवढं सांगते.

बाळाला टेबलावर आडवं पाडून दोघांनी पाय दाबून धरायची गरज नसते. आईच्या मांडीवर, छातीशी घेतलेलं बाळ कमी रडते, हे रोज पाहते. सगळ्यात उत्तम म्हणजे अंगावर पाजत पाजत लस. सुईच्या चार-पाच मिनिटं आधी पाजायला घ्यायचं, तोंडात नीट पकड बसू द्यायची, सुई झाली तरी सोडवायचं नाही, पिऊ द्यायचं. काही ठिकाणी 'ठसका लागेल' म्हणून नको म्हणतात. मला तरी तसं झालेलं आठवत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ साली लसीच्या दुखण्याबद्दल जे सांगितलं त्यातही पाजत पाजत लस घ्या असंच आहे.

रोटाची (जुलाबाची) लस तोंडातून देतात ती आधी मागायची. ती गोड असते, त्यानेही बाळ थोडं शांत होते. मग सुया. दोन सुया असतील तर जी जास्त झोंबते ती शेवटी. न्यूमोकोकलची (न्यूमोनियाची) झोंबते, म्हणून आम्ही ती मागे ठेवतो. सुई आत गेल्यावर दट्ट्या मागे ओढून रक्त येतंय का बघायची जुनी पद्धत होती, तीही आता नाही. त्यानं फक्त वेळ जातो आणि दुखणं वाढते.

कपडे: वरती पुढून उघडणारं झबलं, खाली लंगोट, बस. मांडी पटकन मोकळी झाली पाहिजे. पायजम्याची नाडी सोडता सोडताच अर्धी बाळं रडायला लागतात.

लस झाल्यावर ती जागा चोळायची नाही आणि गरम शेकायची तर मुळीच नाही. सूज आली तर थंड पाण्याची घडी. लस दिल्यावर अर्धा तास तिथंच बसायचं, घाई करायची नाही.

आणि बाई, तू रडलीस तरी कोणी काही म्हणत नाही. आमच्या खोलीत बाळापेक्षा आया जास्त रडतात.

चिपळूणची_आजी

सावनी बाळ, मी आजी आहे, दोन नातवंडं माझ्या हातची वाढली. संध्याकाळचं रडणं हे पोटाचं असतं. आमच्याकडे तिन्हीसांजेला बेंबीभोवती हिंगाचं पाणी लावायचो, ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून आधी आपल्या गालाला लावून बघायची, मग पोटाला. आणि बाळगुटी. सहाणेवर मुरडशेंग, बाळहिरडा, वेखंड, जायफळ, हळकुंड, एकेकाचे मोजून वेढे. माझी आई म्हणायची की गुटी चाखून बाळाचं पोट कळतं.

दृष्टही काढ. मीठमोहरीनं बिघडत काही नाही. आणि सगळ्यात मोठं औषध म्हणजे बाळ घेणाऱ्या माणसाचा हात थरथरता कामा नये. तुझा हात थरथरत असेल तर पाच मिनिटं सासूबाईंकडे दे. आजीचा हात हा त्याचसाठी असतो.

बालवैद्य

मी बालरोगतज्ज्ञ आहे. ओघात लिहितो.

सिस्टरांनी सांगितलेलं सगळं बरोबर. त्यात थोडी भर. साखरेचं २४ टक्क्यांचं द्रावण सुईच्या साधारण दोन मिनिटं आधी जिभेवर दिलं तर लहान बाळाचं रडणं कमी होतं, यावर भरपूर काम झालेलं आहे. एनआयसीयूत आम्ही ते वापरतो. पण घरी साखरपाणी करून बाटलीत नेऊ नका, आणि मध तर वर्षाच्या आत चाटवूच नका, त्यातून बोट्युलिझमचा (गंभीर विषबाधेचा) धोका असतो. अंगावर पिणाऱ्या बाळाला दूध आहे, तेवढं पुरे. बधिर करणारं मलमही मिळतं, पण ते तासभर आधी लावावं लागतं आणि इतक्या लहान बाळाला किती लावायचं ते डॉक्टरनेच ठरवायचं.

'पेनलेस'बद्दल: सुई तीच असते, टोचल्याचं दुखणं तेवढंच. त्या लसीत फरक पडतो तो नंतरच्या तापात, सुजेत आणि किरकिरीत. सरकारी केंद्रातली पेंटाव्हॅलंट (पाच रोगांवरची एकत्र लस) घेतलेलं बाळ एखादी रात्र जास्त किरकिरतं, पण संरक्षण त्याला उत्तम मिळतं. ज्यांना परवडत नाही त्यांनी मनाला लावून घेऊ नये.

पॅरासिटामॉल लसीच्या आधीच देऊन ठेवू नका. २००९ साली 'लॅन्सेट'मध्ये झेक प्रजासत्ताकातला अभ्यास आला होता. प्रतिबंध म्हणून औषध दिलेल्या बाळांमध्ये काही लसींची प्रतिपिंडं कमी तयार झालेली दिसली. नंतर ताप आला किंवा बाळ कळवळत असेल तर अवश्य द्या. मात्रा वजनावर: किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम. आता इथे नीट लक्ष द्या. आपल्याकडे थेंबांच्या बाटलीत १ मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम असतात, तर साध्या सिरपच्या ५ मिलिलिटरमध्ये १२० किंवा १२५. म्हणजे थेंब सिरपच्या चौपट तीव्र. पाच किलोच्या बाळाला थेंबांचे अर्धा ते पाऊण मिलिलिटर होतात. सिरपचा आकडा मनात धरून थेंब पाजले तर भलतंच होईल. बाटलीवरचा आकडा वाचून, तुमच्या डॉक्टरांकडून मात्रा कागदावर लिहूनच घ्या.

तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप आला तर, लसीनंतर असला तरी, डॉक्टरांना फोन करा. सलग तीन तासांहून जास्त, कशानेच न थांबणारं रडणं असेल तरी कळवा. त्याची नोंद व्हायला हवी.

आजी, तुमचा 'हात थरथरू नये' हा मुद्दा लाख मोलाचा. हिंग बाहेरून, दृष्ट, यावर माझं काही म्हणणं नाही. धुरी मात्र नको. आणि गुटीला मी सहा महिन्यांच्या आत नको म्हणतो. जायफळ आणि वेखंड दोन्ही गुंगी आणू शकतात. वेढा अर्धा जास्त झाला तर ते कळत नाही, बाळ 'शांत झोपलं' एवढंच दिसतं. सहाणेचं पाणी हाही प्रश्न आहेच. बाजारातल्या पोटदुखीच्या थेंबांपैकी डायसायक्लोमिन असलेले सहा महिन्यांच्या आत देऊच नयेत, श्वास थांबल्याच्या घटना झालेल्या आहेत.

संध्याकाळचं रडणं साधारण सहाव्या आठवड्याच्या आसपास टोकाला जातं आणि तीन-चार महिन्यांत ओसरतं. पोट भरलेलं, ताप नाही, वजन वाढतंय, उलटी हिरवी नाही, तर ते आजार नाही. पालथं हातावर घेऊन फिरवा, पाय सायकलसारखे चालवा, दिवे मंद करा. आणि ज्या क्षणी वाटेल की आता सहन होत नाही, त्या क्षणी बाळाला पाळण्यात उताणं ठेवून खोलीबाहेर या. पाच मिनिटं रडल्याने बाळाचं काही बिघडत नाही. गदागदा हलवल्याने मात्र मेंदूत रक्तस्राव होतो.

काकूंना सांगा, आयव्हीएफच्या बाळांना जो जास्तीचा धोका असतो तो मुख्यतः जुळ्यांचा आणि अपुऱ्या दिवसांचा. तुमची मुलगी एकटी, पूर्ण दिवसांची, बाळसं धरलेली आहे. तिची काळजी इतर कुठल्याही बाळासारखीच घ्यायची. मुंबईच्या केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हातून ६ ऑगस्ट १९८६ रोजी जन्मलेली हर्षा चावडा ही भारतातल्या सुरुवातीच्या टेस्टट्यूब बाळांपैकी एक, तिला २०१६ साली स्वतःचं मूल झालं.

चिपळूणची_आजी

डॉक्टर, आमच्या घरात गुटीने कुणाला काही झालं नाही हे मी सांगणारच. पण आमच्या वेळी ती उगाळणारी बाई एकच असायची आणि तिला वेढे पाठ असायचे. आता यूट्यूबवर बघून उगाळतात, तेव्हा तुमचं म्हणणं मी मोडत नाही.

लेस्टरवासी

पॅरासिटामॉलबाबत एक भर, परदेशातल्या वाचकांसाठी. इथे यूकेत बाळांना मेनिंगोकोकल बी ची (एका प्रकारच्या मेंदूज्वराची) लस असते, तिच्याने ताप हमखास येतो, म्हणून त्या भेटीनंतर ताप यायच्या आधीच पॅरासिटामॉल सुरू करायला एनएचएसच, म्हणजे इथली सरकारी आरोग्यसेवाच, सांगतं. भारतातल्या नातेवाइकांनी 'आधी देऊ नको' म्हटल्यावर माझा गोंधळ उडाला होता. दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहे. ज्या देशात लस घेताय तिथल्या नर्सचं ऐका.

बालवैद्य

अगदी बरोबर.

एक गोष्ट मघाशी लिहायची राहिली. कुणी तुम्हाला 'एवढ्याशा जिवाला काय कळतं' म्हटलं तर ऐकून घेऊ नका. १९८० च्या दशकापर्यंत जगभर अनेक ठिकाणी नवजात बाळांच्या शस्त्रक्रिया पुरेशा भुलीविना होत. १९८५ साली अमेरिकेत जेफ्री लॉसन नावाच्या अपुऱ्या दिवसांच्या बाळाची छाती उघडली ती फक्त हालचाल थांबवणारं औषध देऊन. त्याच्या आईने, जिल लॉसनने, तो प्रश्न धसास लावला. त्याच सुमारास इंदूरला वैद्यकीय शिक्षण घेऊन ऑक्सफर्डला गेलेले डॉ. कंवलजीत आनंद यांनी दाखवून दिलं की नीट वेदनाशमन दिलेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या शरीरावर शस्त्रक्रियेचा ताण कितीतरी कमी पडतो. १९८७ सालचं ते काम. आज आम्ही टाचेच्या सुईलाही साखरेचे थेंब देतो ते त्यामुळे. सावनी, बाळाला दुखतं हे तुम्हाला जाणवतं ते खरंच आहे.

नीरज_बाबा

बाबांच्या बाजूने. आमचंही आयव्हीएफ. बायको अशीच नाकाशी बोट धरून बसायची. मी 'अगं काही होत नाही' एवढंच म्हणत होतो आणि त्याचा काडीचा उपयोग नव्हता. उपयोग झाला तो रात्री वाटून घेतल्याचा. अकरा ते तीन बाळ माझं. ती दुसऱ्या खोलीत, दार बंद. पाजायची वेळ झाली की मी बाळ नेऊन द्यायचो, ढेकर काढायचं काम माझं. सुरुवातीला ती पडून जागीच असायची. मग एका रात्री खरंच गाढ झोपली, आणि सकाळी तिचा चेहरा मी कितीतरी महिन्यांनी बघितल्यासारखा वाटला.

श्वासाबद्दल आम्हाला डॉक्टरांनी सांगितलेलं: लहान बाळं झोपेत भराभर श्वास घेतात, मध्येच पाच-दहा सेकंद थांबतात, पुन्हा घेतात. हे चालतं. वीस सेकंदांहून जास्त थांबला, किंवा रंग बदलला, तर धावायचं. हे आधी कुणी सांगितलं असतं तर आमच्या कित्येक रात्री वाचल्या असत्या.

सावनी, हा प्रतिसाद नवऱ्याला वाचायला दे.

अनाहत

मी मानसोपचाराच्या क्षेत्रात आहे. सावनी, तुझ्या दुसऱ्या प्रश्नावर सगळे जरा भरभर पुढे गेले, म्हणून मी त्यावरच थांबते.

उपचाराच्या काळात तुझ्या मनाला एक सवय लागली: प्रत्येक फोनला, प्रत्येक रिपोर्टला, बाथरूममध्ये गेल्यावर प्रत्येक वेळी वाईट बातमीची तयारी ठेवायची. बीटा एचसीजीचा (गर्भ राहिला का ते सांगणाऱ्या रक्ततपासणीचा) आकडा येईपर्यंत श्वास रोखून धरायचा. मग तो दुप्पट होतोय का. मग ठोके दिसतायत का. गरोदरपणात फाइलवर 'प्रेशियस प्रेग्नन्सी' लिहिलेलं. बाळ हातात आलं म्हणून ही सवय एका दिवसात सुटत नाही. वंध्यत्वावर उपचार घेतलेल्या स्त्रियांमध्ये गरोदरपणाबद्दलची, बाळ टिकेल ना याची काळजी जास्त दिसते, हे अभ्यासांतही आलेलं आहे.

आणि ते 'इतक्या नवसाने झालीय, आता रडायचं नाही'. अशा आया मी पाहते, ज्यांना थकले म्हणायचीही चोरी वाटते. जिने मागून मागून मूल मिळवलं तिने तक्रार कशी करायची? सावनी, मूल हवं असणं आणि मूल झाल्यावर गळून जाणं, दोन्ही एकाच बाईत एकाच दिवशी असू शकतं.

आता तू विचारलंस, हे सगळ्यांचं होतं का. बाळाच्या श्वासाकडे बघणं, 'हातातून पडली तर' असे नको ते विचार मनात येणं, हे बहुतेक आयांना होतं. पण तू अंघोळ नीट करू शकत नाहीस, ती झोपलेली असतानाही तुला झोप लागत नाही, आणि हे आठवड्यांमागून आठवडे चाललंय. याला मी बाळंतपणानंतरची चिंता म्हणून तपासून घेईन. एडिनबरो प्रश्नावली म्हणून १० प्रश्नांची यादी असते, १९८७ पासून जगभर वापरतात. त्यातले तिसरा, चौथा, पाचवा प्रश्न चिंतेचेच आहेत: उगाच स्वतःला दोष देणं, विनाकारण काळजी, विनाकारण घाबरणं. तुझ्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडे माग. थायरॉइड आणि हिमोग्लोबिनही तपासून घे, बाळंतपणानंतर दोन्ही बिघडतात आणि धडधड वाढवतात.

उपचार म्हणजे आधी बोलणं: कोणती भीती येते, तेव्हा तू काय करतेस, आणि ती तपासणी थोडी थोडी कशी कमी करायची. औषध लागलंच तर अंगावर पाजताना चालणारी औषधं आहेत, सर्ट्रालीन त्यातलंच. दूध तोडावं लागेल या भीतीने अनेकजणी येतच नाहीत.

टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो, मराठीतही बोलतात, पैसे लागत नाहीत. स्वतःला किंवा बाळाला इजा करावीशी वाटली, आवाज ऐकू आले, दोन-तीन रात्री झोपच न येता भलतंच उत्साही वाटलं, तर वाट बघायची नाही, त्याच दिवशी हॉस्पिटल. तुझ्या लिहिण्यात मला तसं काही दिसलं नाही.

सावनी_क

सगळ्यांचे प्रतिसाद पुन्हा पुन्हा वाचले. नीरज, तुमचा नवऱ्याला पाठवला. तो काही बोलला नाही, पण रात्री उशी घेऊन हॉलमध्ये आला आणि म्हणाला, 'दे इकडे.'

काल लस झाली. आधी फोन करूनच विचारलं की पाजत पाजत द्याल का. सिस्टर जरा का-कू करत होत्या, डॉक्टर हो म्हणाले. आधी रोटा. मग मी खुर्चीत, ती पदराखाली. पहिल्या सुईला तिने दूध सोडलं, भुवया आवळल्या, ओरडली. मी तिचं डोकं तसंच धरून ठेवलं, रुईने सांगितलं तसं स्थिर. पुन्हा पकडलं. दुसऱ्या सुईला जास्त रडली, झोंबली असणार. पण दाराबाहेर येईपर्यंत थांबली होती आणि माझ्या मंगळसूत्राशी खेळत होती. रात्री १०० पर्यंत ताप, एकदा थेंब दिले, लिहून घेतलेल्या मात्रेने. सासूबाईंनी दृष्ट काढली, धुरीविना.

माझी भीती गेली असं नाही. आज सकाळी अंघोळीत पुन्हा नळ बंद केला. सोमवारी डॉक्टरांची वेळ घेतलीय, यादी करून नेणार आहे. सासूबाईंना अनाहत यांचा प्रतिसाद वाचून दाखवला. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या की त्यांचं पहिलं मूल गेलं होतं तेव्हा त्यांनाही सगळ्यांनी असंच सांगितलं होतं, रडायचं नाही. हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं.

तिसरा_माळा

सावनीताई, मी इथे पहिल्यांदाच लिहितेय. माझंही आयव्हीएफ, एम्ब्रियो ट्रान्सफर (गर्भाशयात गर्भ सोडणं) यशस्वी झालं, सातवा महिना चालू आहे. अजून एक दुपटंसुद्धा आणलेलं नाही, आणलं तर काही होईल असं वाटतं. ओटीभरणही नको म्हणतेय, घरचे नाराज आहेत. हे आत्ताच कुणाला सांगायचं असतं, की बाळ होईपर्यंत थांबायचं?

अनाहत

थांबू नकोस. चिंता बरेचदा गरोदरपणातच सुरू झालेली असते आणि तेव्हाच हाताळली तर पुढचं सोपं जातं. पुढच्या तपासणीला सोनोग्राफीचे कागद दाखवून झाले की उठू नकोस, हे जे इथे लिहिलंस तेच वाचून दाखव. ओटीभरणाचं घरच्यांना सांग, नंतर बघू. दुपटी हॉस्पिटलच्या खालच्या दुकानातही मिळतात.

नागपूरची_सिस्टर

आणि ती आणली की नवी कोरी गुंडाळू नको, आधी धुऊन उन्हात वाळव. सुती घे, दोन-चार जास्तच घे.